कुठला पेडल आधी, कुठला नंतर? गिटारवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात फोंड्याला आमच्या गच्चीवरच्या खोलीत संध्याकाळी गिटारवाली पोरं जमतात, कोण डिचोलीहून येतो कोण कुडचड्याहून, बॅगेतले पेडल (गिटार आणि अँपच्या मध्ये जोडायचे, आवाज बदलणारे, पायाने दाबायचे डबे) जमिनीवर मांडतात आणि पहिला प्रश्न हाच, आता हे जोडायचं कसं? तेच प्रश्न इतक्या वेळा आलेत की एकदा सगळं नीट लिहून काढूया म्हटलं. मी लग्नात, किनाऱ्यावरच्या शॅकवर, चवथीच्या कार्यक्रमात सगळीकडे वाजवतो, त्यामुळे पेडल बसवायच्या बोर्डाची मांडणी कितीतरी वेळा उलटीसुलटी करून झालीय.

क्रम बदलला तर खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि कसा पडतो ते समजायला गिटारसुद्धा लागत नाही. गावच्या देवळावरचा भोंगा आठवा. जत्रेच्या दिवशी आवाज एवढा वाढवलेला असतो की भोंगा फाटतो. आता समजा बुवांच्या माईकला मिक्सरवरच इको दिलाय आणि तो इकोवाला आवाज भोंग्यात जाऊन फाटतोय, तर सगळं एकात एक मिसळतं आणि अभंगाचा शब्द कळत नाही. पण मिक्सरवर इको नसेल, आवाज आधी भोंग्यात फाटला आणि मग समोरच्या डोंगरावर आपटून परत आला, तर आवाज फाटलेलाच असतो पण डोंगरावरून परत येणारी ओळ वेगळी, स्पष्ट ऐकू येते. भोंगा म्हणजे डिस्टॉर्शन, डोंगर म्हणजे डिले. वस्तू त्याच दोन, फक्त मागेपुढे.

प्रत्येक पेडलला तुमची गिटार ऐकू येत नाही, त्याच्या आधीचा पेडल जे देतो तेवढंच त्याला ऐकू येतं. हे डोक्यात बसलं की खालचे निम्मे प्रश्न तुमचे तुम्हीच सोडवाल.

पण डिस्टॉर्शनमध्येच एवढं काय होतं?

डिस्टॉर्शन लहरीचं वरचं आणि खालचं टोक कापतं, आणि कापताना नवे सूर जन्माला घालतं. एकच सूर गेला तर त्याचे दुप्पट, तिप्पट, चौपट असे हार्मोनिक येतात, ते कानाला गोड लागतात. दोन सूर एकदम गेले तर त्या दोघांची बेरीज आणि वजाबाकी पण आवाजात येते. समजा ४४० हर्ट्झ आणि ६६० हर्ट्झ, म्हणजे सा आणि पंचम, तर वजाबाकी २२०, म्हणजे खालचा साच मिळाला. म्हणून पॉवर कॉर्ड (नुसता सा आणि पंचम) कितीही गेनमध्ये, म्हणजे सिग्नल कितीही पट वाढवला तरी, दणदणीत वाजतो. आता त्याच डिस्टॉर्शनला सहा तारांचा मेजर सेव्हन्थ कॉर्ड द्या, बेरजा वजाबाक्या कुठेही पडतात आणि आवाजाचा चिखल होतो.

डिले जर डिस्टॉर्शनच्या आधी ठेवला तर नेमकं हेच होतं, मागच्या कॉर्डची पुनरावृत्ती आणि आत्ताचा कॉर्ड एकदम आत जातात आणि एकमेकांत गुंततात. शिवाय हळूहळू विरत जाणारी पुनरावृत्ती डिस्टॉर्शन परत वर उचलून धरतं, ती विरतच नाही. म्हणून बोर्ड मांडताना मी आधी हे बघतो की सिग्नल कापणारा पेडल कुठला, मग प्रत्येक बाकीच्या पेडलला विचारायचं, तू याच्या अलीकडे की पलीकडे? क्रमाचा सगळा खेळ या एका प्रश्नावर आहे.

बरं, सरळ एका ओळीत क्रम सांगा ना

गिटार, ट्युनर, वा-वा (पायाने फिरवायचा फिल्टर), कंप्रेसर (लहानमोठा आवाज सारखा करणारा), ओव्हरड्राईव्ह (सौम्य डिस्टॉर्शन, दोघांनाही मी ड्राईव्ह म्हणतो), डिस्टॉर्शन, ईक्यू (बेस, मिड, ट्रेबल कमीजास्त करणारा), कोरस किंवा फेझर (आवाज फिरवणारे), डिले, रिव्हर्ब (खोलीसारखी घूम), अँप. जुन्या पद्धतीचा फझ (डिस्टॉर्शनचाच रांगडा भाऊ) असेल तर तो सगळ्यांच्या आधी. ऑक्टेव्हर (वरच्या किंवा खालच्या सप्तकातला सूर जोडणारा) असेल तर ड्राईव्हच्या आधी, कारण सूर ओळखायला त्याला स्वच्छ एकटा सूर लागतो, फाटलेला आवाज दिला की तो चाचपडतो आणि मध्येच घरघरतो. लूपर (वाजवलेलं रेकॉर्ड करून परत परत ऐकवणारा) सगळ्यात शेवटी, नाहीतर रेकॉर्ड केलेल्या लूपवर नंतरचे सगळे पेडल परत चढतात.

आणि हो, बहुतेक पेडलमध्ये आत जायचा जॅक उजवीकडे असतो आणि बाहेर यायचा डावीकडे, म्हणून चेन उजवीकडून डावीकडे जाते. जमिनीवरची जागा आणि वायरीतला क्रम एकच असायला हवा असं काही नाही, ज्याच्यावर सारखा पाय पडतो तो पुढच्या रांगेत ठेवा, वायर मागून फिरवून घ्या.

कुठल्या दोन पेडलांच्या क्रमाने काही फरकच पडत नाही?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, पण यात खूप वेळ वाचतो. जे पेडल सिग्नल कापत नाहीत आणि वेळेनुसार बदलत नाहीत ते आपसात आलटून पालटून लावले तरी गणिताने उत्तर तेच येतं. ईक्यू आणि साधा डिजिटल डिले, कुठलाही आधी लावा. डिले आणि रिव्हर्बचंही जवळजवळ तसंच. मी डिले आधी ठेवतो, कारण डिलेच्या आत कंप, टेप किंवा ॲनालॉगचा खरखरीतपणा असेल तर थोडा फरक येतो आणि मला त्या खरखरीवर रिव्हर्बची हवा बसलेली आवडते. पण यावर रात्र घालवू नका, ड्राईव्हच्या अलीकडे पलीकडे काय आहे त्यावर घालवा.

फझ पहिला का? माझा फझ बोर्डवर एकदम पातळ आणि टोचरा वाजतो

तुमच्या फझच्या आधी नक्की बफरवाला (सिग्नलला ताकद देणारं छोटं सर्किट असलेला) पेडल आहे, बहुतेक ट्युनर.

फझ फेस १९६६ मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीने काढला, गोल डबा, आत दोन ट्रान्झिस्टर आणि मूठभर पार्ट, बस. त्याच्या इनपुटचा इंपीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) फार कमी असतो, त्यामुळे गिटारच्या पिकअपची (तारेचं कंपन विजेत बदलणाऱ्या भागाची) कॉईल त्याच्या सर्किटचाच भाग होऊन बसते. गिटार आणि फझ थेट जोडलेले असले की गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ७ वर आणला तरी आवाज सुंदर स्वच्छ होतो, जवळजवळ क्लीनच. मध्ये बफर आला की फझला पिकअप दिसतच नाही, बफर दिसतो, मग आवाज टोचरा होतो आणि व्हॉल्यूम कमी करून साफ होण्याची जादू जाते. बॉसचे कॉम्पॅक्ट पेडल बंद असले तरी त्यांचा बफर चालू असतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. म्हणून फझ आधी, ट्युनर नंतर. ट्युन करताना फझ बंद ठेवा एवढंच.

बिग मफ नावाचा फझ मात्र असा हट्टी नाही. त्यात चार ट्रान्झिस्टर आहेत आणि त्याचं इनपुट वेगळं आहे, बफरनंतर तो बिनधास्त चालतो.

आपल्याकडचा एक वेगळा मुद्दा म्हणजे गरमी. फझमधले जुने ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे असतील तर तापमान वाढलं की त्यांच्यातून गळणारा करंट वाढतो आणि फझ घुसमटल्यासारखा, तुटक तुटक वाजायला लागतो. मे महिन्यात दुपारी समुद्रकिनाऱ्यावर साउंड चेकला ऊन्हात ठेवलेला जर्मेनियम फझ संध्याकाळपर्यंत शुद्धीवर येत नाही. बाहेर वाजवणार असाल तर सिलिकॉनचा घ्या, किंवा पेडल सावलीत ठेवा आणि वाजवायच्या वेळीच बोर्डवर लावा.

ट्रू बायपास चांगला की बफर?

दोन्ही हवे. ट्रू बायपास म्हणजे पेडल बंद केला की सिग्नल त्याच्या सर्किटला न शिवता सरळ पुढे जातो. हिशोब असा आहे: गिटारच्या केबलमध्ये साधारण दर मीटरला १०० पिकोफॅरड एवढी कपॅसिटन्स असते. गिटारपासून बोर्डपर्यंत ६ मीटर, बोर्डवरून अँपपर्यंत ६ मीटर, आणि पेडल पेडलला जोडणाऱ्या छोट्या पॅच केबल, म्हणजे १२०० पिकोफॅरडच्या वर. सगळे पेडल ट्रू बायपास असतील आणि सगळे बंद असतील तर पिकअपला ही सगळी केबल एकट्याने ओढावी लागते, तारेची वरची चकाकी जाते आणि गिटार पांघरुणाखालून वाजल्यासारखी वाटते. बफर हा सिग्नल जवळजवळ न बदलता त्याला ताकद देतो. फझच्या मागोमाग एक बफर असला की पुढे कितीही लांब केबल असू दे. मंडपात स्टेज मोठं असतं, अँप लांब, तिथे याचा फरक लगेच कळतो.

दोन ओव्हरड्राईव्ह आहेत, कुठला आधी?

ट्यूब स्क्रीमर नावाच्या ओव्हरड्राईव्हचंच उदाहरण घेऊया. १९७९ मध्ये आयबानेझ कंपनीचा हा ट्यूब स्क्रीमर, टीएस ८०८, आला, त्याच्यात खालचा बेस कमी होतो आणि ७२० हर्ट्झच्या आसपास मिड वर येतो. हा पेडल जास्त गेनच्या डिस्टॉर्शनच्या आधी लावा, ड्राईव्हचा नॉब जवळजवळ शून्यावर, लेव्हल चांगला वर. काय होतं, डिस्टॉर्शनला बेस कमी जातो, त्यामुळे खालच्या तारांची थुलथुल जाते आणि आवाज घट्ट, आवळलेला येतो. मेटलवाली पोरं हेच करतात. आता तोच डिस्टॉर्शनच्या नंतर लावा, मग आधीच फाटलेल्या आवाजाचा बेस जातो आणि मिड पुढे येतो, पातळ पण बँडमध्ये उठून दिसणारा. मला पहिला जास्त आवडतो.

नियम एवढाच की ड्राईव्हच्या आधी लेव्हल वाढवली तर गेन वाढतो, आवाज फारसा मोठा होत नाही, कारण टोक आधीच कापलं जातंय. ड्राईव्हच्या नंतर वाढवली तर आवाज मोठा होतो. सोलोला आवाज वर यायला हवा असं म्हणून बूस्टर (नुसती लेव्हल वाढवणारा पेडल) ड्राईव्हच्या आधी लावतात आणि मग विचारतात सोलो ऐकूच का येत नाही. बूस्टर नंतर लावा. अँपच फाटत असेल तर मात्र नंतर लावूनही फक्त गेनच वाढेल, मग बूस्टर अँपच्या लूपमध्ये (मागचं सेंड रिटर्न, खाली सांगतो).

आणि गेन एकमेकांशी गुणले जातात. एक पेडल १० पट, दुसरा १० पट, दोन्ही चालू म्हणजे १०० पट, आणि पहिल्या पेडलची हिस (सूं असा आवाज) पण दुसऱ्यातून १० पट मोठी होऊन येते. म्हणून सगळ्यात शांत पेडल पुढे, म्हणजे गिटारच्या जवळ. एकाच पेडलचा गेन पूर्ण उघडण्यापेक्षा दोघांचा अर्धा अर्धा ठेवलेला जास्त मोकळा वाजतो.

वा-वा ड्राईव्हच्या आधी की नंतर?

आधी लावला तर वा एका पट्टीला उचलतो आणि ड्राईव्ह त्या पट्टीला फाडतो, माणूस बोलतोय असा आवाज येतो. नंतर लावला तर हार्मोनिकने भरलेल्या आवाजावर फिल्टर फिरतो, मोठा, सिंथसारखा झोत. जिमी हेंड्रिक्सची चेन वा, मग फझ फेस, मग युनिव्हाईब (फेझरसारखा पेडल), मग मार्शल अँप अशी असायची. पण वा आणि फझ फेस थेट जोडले की फझचं ते कमी इंपीडन्सचं इनपुट वाला दाबतं, पेडल फिरवलं तरी अर्धाच इफेक्ट येतो, कधी कधी शिटीसुद्धा मारतो. त्या दोघांमध्ये छोटा बफर टाकला की वाची फिरत पूर्ण परत येते, पण फझचा व्हॉल्यूम साफ होण्याचा गुण थोडा कमी होतो. इथे दोन्ही मिळत नाही, कशावर जीव आहे ते ठरवा.

कंप्रेसर?

ड्राईव्हच्या आधी. ड्राईव्ह स्वतःच आवाज दाबतो, त्याच्यानंतर परत दाबून फक्त हिस वर येते. शॅकवर क्लीन फंक वाजवताना माझा कंप्रेसर सतत चालू असतो, ड्राईव्ह दाबला की तो बंद.

नॉईज गेट (वाजवत नसताना हिस बंद करणारा) ड्राईव्हच्या नंतर आणि डिलेच्या आधी. डिलेच्या नंतर लावलात तर प्रत्येक पुनरावृत्तीची शेपूट कापली जाईल.

फेझर, कोरस, फ्लँजर कुठे?

हे पेडल आवाजात खाचा पाडतात आणि त्या खाचा फिरवतात. जितके जास्त हार्मोनिक तितक्या त्या खाचा कानाला कळतात. डिस्टॉर्शन हार्मोनिक तयार करतं, म्हणून डिस्टॉर्शननंतरचा फ्लँजर विमान गेल्यासारखा वाजतो. आधी ठेवलात तर तेच फिरणं ड्राईव्हच्या आत मुरतं, जाणवतं पण दिसत नाही. एमएक्सआरचा फेझ ९० १९७४ मध्ये आला, गिटारवादक एडी व्हॅन हेलन तो फाटलेल्या मार्शलच्या आधी लावायचा आणि त्या सोलोंमध्ये ती फिरत केवढी नाजूक आहे ऐका. वरच्या ओळीत फेझर ड्राईव्हनंतर लिहिलाय, पण मी स्वतः तो आधी आणि कोरस नंतर ठेवतो. कोरस ड्राईव्हच्या आधी मला कधीच पटला नाही, दोन किंचित वेगळे सूर एकदम ड्राईव्हमध्ये जातात आणि वर सांगितलेली बेरीज वजाबाकी सुरू होते.

ट्रेमोलो (आवाज सतत लहानमोठा करणारा) शेवटी, रिव्हर्बच्या नंतर लावून बघा एकदा. जुन्या ब्लॅकफेस फेंडर अँपमध्ये तसंच आहे, हवेसकट सगळा आवाज हेलकावे खातो.

मी नाट्यगीतं आणि अभंग गिटारवर वाजवतो, मींड टिकत नाही, कुठला पेडल घेऊ?

मला हा प्रश्न फार आवडतो कारण यावर कोणी लिहीत नाही. तार छेडली की आवाज लगेच विरायला लागतो, आणि मींडीला तर शेवटच्या सुरापर्यंत आवाज जिवंत हवा. कंप्रेसर घ्या, सस्टेन अर्ध्याच्या थोडा वर, त्याच्यानंतर ओव्हरड्राईव्ह अगदी कमी गेनवर, टोन खाली. कंप्रेसर विरणाऱ्या सुराला वर धरतो आणि ओव्हरड्राईव्ह त्याला थोडे हार्मोनिक देतो, तार हळूहळू व्हायोलिनकडे झुकते. मग व्हॉल्यूम पेडल, त्याच्यानंतर डिले. व्हॉल्यूम पेडलने छेडल्याचा टक् आवाज लपवता येतो आणि सूर श्वासासारखा आत येतो. व्हॉल्यूम पेडल डिलेच्या आधी असल्यामुळे पाय मागे घेतला तरी मागची ओळ हवेत राहते, डिलेच्या नंतर ठेवला असता तर ती पण कापली गेली असती. तोच व्हॉल्यूम पेडल ड्राईव्हच्या आधी लावला तर तो गेनचा नॉब होतो, ते वेगळंच काम.

कोरस या कामाला लावू नका. कोरस सूर सतत थोडा वर खाली करतो आणि तानपुऱ्याशी श्रुती जुळतच नाही, साथीला हार्मोनियम असेल तर लगेच खटकतं. डिलेची पुनरावृत्ती दोनच ठेवा, आवाज कमी, कारण एका रागात मागचा सूर पुढच्या सुरावर लोंबकळला की कोमल आणि शुद्ध एकदम ऐकू येतात.

अँपच्या मागे सेंड रिटर्न लिहिलंय, ते काय?

अँपमध्ये दोन भाग असतात, आधीचा प्रीअँप जिथे गेन आणि टोन आहे, आणि नंतरचा पॉवर अँप. सेंड रिटर्न या दोघांच्या मधलं दार. तुम्ही फाटलेला आवाज अँपकडूनच घेत असाल तर डिले आणि रिव्हर्ब गिटार आणि अँपच्या मध्ये लावणं म्हणजे परत भोंग्याआधी इको. ते सेंड रिटर्नमध्ये लावा. वा, कंप्रेसर, ड्राईव्ह पुढेच. अँप क्लीन ठेवून सगळं पेडलनेच करत असाल तर लूपची गरज नाही. रोलंड जेसी १२० सारखा स्वच्छ अँप भाड्याने मिळाला तर मी सगळे पेडल सरळ पुढून लावतो.

इथे प्रोग्रॅमला अँपच नसतो, सरळ मिक्सरला लावतात, मग माझा डिस्टॉर्शन गांधीलमाशीसारखा का वाजतो?

गोव्यात निम्मे प्रोग्रॅम असेच. गिटार अँपचा १२ इंची स्पीकर साधारण ५००० हर्ट्झच्या वरचं फारसं वाजवतच नाही, आणि डिस्टॉर्शन पेडल बनवणारा तो स्पीकर पुढे आहे हे धरून पेडल बनवतो. मिक्सर आणि मोठे स्पीकर मात्र वरचं सगळं वाजवतात, म्हणून ती भणभण. उपाय म्हणजे कॅब सिम्युलेटर, म्हणजे गिटार स्पीकरची नक्कल करणारा, पेडल असो की मल्टीइफेक्टमधलं (सगळे इफेक्ट एकाच डब्यात असतात तो) सेटिंग. तो ड्राईव्हच्या नंतर कुठेही. रिव्हर्बच्या आधी की नंतर याने मोनोमध्ये फरक पडत नाही, दोन्ही न कापणारे. कॅब सिम नसेल तर ईक्यू शेवटी लावा आणि वरच्या पट्ट्या निम्म्याहून खाली ओढा, काम भागतं.

अकूस्टिकवाल्यांसाठी: पिएझो पिकअपला (अकूस्टिक गिटारमध्ये बसवतात तो) १ मेगाओहम किंवा जास्त इनपुट इंपीडन्स हवा, नाहीतर आवाज पत्र्यासारखा. गिटारमध्ये बॅटरीवाला प्रीअँप असेल तर चिंता नाही. चेन म्हणजे ट्युनर, कंप्रेसर, ईक्यू, थोडा कोरस, रिव्हर्ब, डीआय बॉक्स (गिटार मिक्सरला जोडायचा डबा).

हम् येतोय, सगळे क्रम करून बघितले

मग क्रमाचा दोष नाही, वीज बघा. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट डीसी लागतं, मधला पिन निगेटिव्ह. साधा ओव्हरड्राईव्ह फार कमी मिलीअँपवर चालतो, डिजिटल डिले कितीतरी पट जास्त खातो, काही मोठ्या पेडलना ३०० मिलीअँपच्या आसपास लागतं. एका अडॅप्टरला माळेसारखी वायर लावून सगळे पेडल जोडले की डिजिटलवाल्याची किरकिर ॲनालॉगवाल्यात येते. डिजिटल पेडलना वेगळा अडॅप्टर द्या, जमेल तेव्हा आयसोलेटेड (प्रत्येक पेडलला वेगळी वीज देणारा) पॉवर सप्लाय घ्या. जर्मेनियम फझ पॉझिटिव्ह ग्राउंडचा असेल तर त्याला त्या माळेत मुळीच लावू नका, शॉर्ट होईल, त्याला बॅटरीच द्या.

आपल्या लाईनचा हम् ५० हर्ट्झचा आणि त्याच्या दुपटीचा. मंडपात लाईटिंगची वायर आणि गिटारची वायर एकाच बाजूने नेऊ नका, ओलांडायचीच असेल तर काटकोनात. आणि हम् जावा म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढायची नाही. कोणी सांगितलं तरी नाही. ओल्या स्टेजवर हातात गिटार आणि ओठांना माईक, बिघडलेल्या अर्थिंगमध्ये जीव जातो. जनरेटरवाल्याला आधी अर्थिंग विचारा, मग बोर्ड उघडा.

पावसाळ्यात पेडल खरखरतात

घुमट वाद्याचं चामडं पावसात सैल पडतं तसं आपल्या जॅकचं आहे. जून ते सप्टेंबर हवेत ओल, वर किनाऱ्याला मीठ, पॅच केबलच्या टोकांवर थर बसतो. दर दोन आठवड्यांनी सगळे जॅक काढून परत घाला, नुसतं एवढं केलं तरी निम्मी खरखर जाते. नॉब खरखरत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब वीसेक वेळा इकडून तिकडे फिरवा. बोर्डच्या पेटीत सिलिका जेल ठेवा, आणि बॅटरी काढून ठेवा, ती गळली की पेडल आतून सडतो. पेडलमध्ये केबल घुसवलेली राहिली तर बॅटरी रात्रभर उतरते, वाजवून झालं की इनपुटची केबल काढायचीच.

पैसे कमी आहेत, तीनच पेडल घ्यायचे तर?

ट्युनर, एक ओव्हरड्राईव्ह, एक डिले. याच क्रमाने. डिलेवर वेळ छोटा आणि पुनरावृत्ती एक ठेवली की रिव्हर्बचं काम बरंचसं होतं.

किंवा जुना मल्टीइफेक्ट घ्या. आतले इफेक्टचे डबे सरकवून क्रम बदलता येतो असा बघून घ्या, वर लिहिलेलं सगळं फुकटात ऐकता येतं. एका वेळी दोनच डबे बदला, तोच रिफ वाजवा, आणि दोन्ही वेळा आवाजाची पातळी सारखी करा, कारण जो मोठा वाजतो तो कानाला नेहमी चांगला वाटतो.

स्टेजवर अचानक आवाजच गेला, काय करू?

गिटार सरळ अँपला किंवा डीआयला लावा. आवाज आला? मग दोष बोर्डमध्ये. आता चेनच्या बरोबर मधल्या पेडलमध्ये गिटार लावा. आवाज आला तर दोष गिटारकडच्या निम्म्यात, नाही आला तर अँपकडच्या. परत त्याचं निम्मं. आठ पेडल असले तरी तीन वेळात सापडतं. बहुतेक वेळा पॅच केबलच निघते, म्हणून बॅगेत दोन जादा ठेवा, आणि पाहुणे जेवायला बसायच्या आधी सापडली नाही तर ते गाणं सरळ अँपवर वाजवून घ्या, शोध नंतर.